निळी उतरंड

थोरलीच्या हातांकडे पाहिलं की आज पातेल्यात कोणता रंग चढलाय ते सगळ्या गल्लीला कळायचं. घरात रबरी हातमोजे होते, नाही असं नाही. पण ‘चांगले आहेत, उगाच खराब कशाला करायचे’ म्हणून ते खिळ्याला टांगलेले असत आणि रंग हातांना लागे. एकदा जांभळ्या हाताने तिने तोंडावर आलेले केस मागे सारले आणि गालावर चार बोटं उठली. शेजारीण दबक्या आवाजात विचारायला आली, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून. थोरलीचा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. तो हात उगारणं दूरच, तिच्यासमोर मोठ्याने शिंकतसुद्धा नसे.

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. पांढरं सुती कापड घरी रंगवायचं आणि तुकडे जोडून गोधड्या शिवणाऱ्या बायकांना द्यायचं, हा तिचा उद्योग. आता बाजारात रंगीत कापडाला काय तोटा आहे? पण गोधडीवाल्या बायका चोखंदळ. त्यांना एकाच रंगाच्या लागोपाठच्या छटा लागतात, अगदी गडदपासून जेमतेम रंग लागलाय इतक्या फिक्यापर्यंत, आणि त्या एकाच हातच्या हव्यात. अशा आठ छटांच्या गठ्ठ्याला थोरलीने नाव दिलं होतं ‘उतरंड’. लाल, हिरवी, करडी, सगळ्या उतरंडी ती करायची, पण तिची निळी उतरंड नावाजलेली होती. निळी उतरंड घेऊन गेलेली बाई पुन्हा आली नाही असं झालं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या मागे एक लांबट खोली होती, तिथे हे सगळं चाले. मोरी, मोरीशेजारी शेगडी, शेगडीवर दोन हातांनीही उचलवणार नाही असं पातेलं. आधी कापडाची खळ उकळून काढायची, मग ते सोड्याच्या पाण्यात भिजवायचं. उतरंडीसाठी ओळीने आठ बरण्या मांडायच्या. पहिल्या बरणीत मापाने रंग कालवायचा, त्यातला अर्धा दुसरीत ओतून वर तेवढंच पाणी, दुसरीतला अर्धा तिसरीत, असं शेवटच्या बरणीपर्यंत जायचं. मग मीठ, मग कापड, मग वाट पाहणं, आणि शेवटी पाणी नितळ येईपर्यंत खळबळून धुणं. ऐकायला सोपं आहे. करून बघावं एकदा.

फळीवर रंगाच्या भुकटीचे डबे असत आणि प्रत्येक डब्याच्या चमच्याला त्या त्या रंगाचा दोरा बांधलेला असे. निळ्याचा चमचा निळ्यात, पिवळ्याचा पिवळ्यात. ह्याबाबतीत थोरली कोणाचं काही ऐकून घेत नसे, कारण पिवळी भुकटी नखाएवढी जरी निळ्यात गेली तरी निळा मेला, हिरवट झाला, बरणी मोरीत. आणि एक गोष्ट ती येताजाता सांगायची, कापड ओलं असताना रंग ठरवू नये. सुकवावं, इस्त्री करावी, सकाळच्या उजेडात मागच्या खिडकीपाशी धरावं, आणि मग काय ते बोलावं. “ओला रंग खोटं बोलतो,” हे तिचं ठरलेलं वाक्य. घरात कोणी घाईने काही सांगायला लागलं की तिचा दीर हळूच म्हणायचा, “थांब, आधी वाळू दे.”

ह्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली. ती आली तेव्हा अशी बुजरी की पाणी मागायलाही तिला दोनदा घसा खाकरावा लागे. थोरलीने तिला कपडे वाळत घालायच्या कामाला लावलं. एके दिवशी दोरीवर निळी उतरंड वाळत होती आणि धाकटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भांडी पुसत होती. बसल्या जागेवरून ती म्हणाली, “ताई, तिसरा आणि चौथा तुकडा उलटसुलट लागलाय का?” थोरलीने हसण्यावारी नेलं. एवढ्या लांबून, त्यातून ओल्या कापडात, ते तिला स्वतःलाही कळलं नसतं. पण जाऊन पाहिलं तर खरंच अदलाबदल झालेली. थोरलीने हातातला चिमटा खाली ठेवला, धाकटीला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, आणि त्याच दिवसापासून तिला चमचे आणि बरण्या दाखवायला लागली.

जावाजावांचं गूळपीठ फार दिवस टिकत नाही असं म्हणायची पद्धत आहे. ह्या दोघींनी ती म्हणणाऱ्यांची बरीच वर्षं निराशा केली. थोरली शिकवताना कडक होती. चुकलं की खोलीतल्या खोलीत धाकटीची हजेरी घ्यायची आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगायची, “माझ्यापेक्षा तिची नजर तयार आहे. मी म्हातारी झाले की हे सगळं तीच बघेल.” म्हातारी व्हायची तिला तेव्हा काही घाई नव्हती. गोधडीवाल्या बायका आल्या की दोघी एका खिडकीपाशी उभ्या राहून एकच तुकडा धरत, एक टोक हिच्या हातात, एक तिच्या, आणि दोघींचं एकमत झाल्याशिवाय तो गठ्ठ्यात जात नसे.

मग हळूहळू काय झालं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. असल्या गोष्टी लक्षात येतील अशा घडतच नाहीत. थोरली म्हणायला लागली की हल्ली रंगाच्या भुकटीत भेसळ असते, निळ्यात पूर्वीचा दम राहिला नाही. बल्ब बदलून घेतला, तो पिवळा उजेड देतो म्हणून पुन्हा बदलला. भिंतींना पांढरा रंग लावून घेतला आणि रंगकाम करणाऱ्याला फैलावर घेतलं, पांढरा सांगितला तर मेल्याने साईसारखा दिला. तो डबा दाखवून दाखवून थकला. नवऱ्याच्या जुन्या शर्टाला तिने स्वतः राखाडी रंग दिला, आणि नवरा तो गुपचूप घालून कचेरीत जायला लागला. डोळ्यांवर संशय यायचं तर कारणच नव्हतं. उलट, एवढी वर्षं चष्मा लावून सुईत दोरा ओवणारी थोरली आता चष्म्याशिवाय ओवायला लागली होती, आणि हे ती येईल त्याला ओवून दाखवायची. मोतीबिंदू कधी कधी येता येता असलं एखादं लाडाचं बक्षीस देऊन भुलवतो, हे तिला पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

एक बाई आपल्या घरी गोधडीचा वर्ग चालवायच्या. थोरलीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी ठरवलं की वर्गातल्या सगळ्याजणींनी मिळून एक मोठी गोधडी करायची, सगळी निळी, मध्यभागी अगदी फिकी आणि कडेला जाता जाता गडद होत जाणारी. कापड भरपूर लागणार होतं, तेव्हा थोरलीने एक उतरंड आपण घेतली, एक धाकटीला दिली. माप एकच, भुकटी एकाच डब्यातली. पण थोरलीला आपल्या पहिल्या बरणीतला निळा मळकट वाटला. तिने आणखी एक चमचा घातला. तरी मन भरेना, म्हणून आणखी अर्धा. पलीकडे धाकटी शिकवल्याप्रमाणे मापात मोजून घालत होती. आपण माप मोडलं ह्यात थोरलीला काही वावगं वाटलं नाही. माप नवशिक्यांसाठी असतं, जाणत्याने डोळ्यांवर जावं, अशी तिची समजूत होती, आणि इतकी वर्षं ती खरीही ठरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या बाई कापड न्यायला आल्या. दोन्ही उतरंडी इस्त्री करून खिडकीपाशी पलंगावर शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. त्या एकसारख्या नव्हत्या, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. थोरलीने धाकटीचा एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

“ह्यात पिवळं गेलंय,” ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. “नाही गेलं, ताई. पिवळ्याचा डबा मी उघडलासुद्धा नव्हता.”

मग हा हिरवटपणा आला कुठून, असं थोरलीने विचारलं. धाकटीने तुकडा हातात घेतला, खिडकीशी गेली, लांब धरला, जवळ धरला. मला तर निळाच दिसतोय, असं ती चाचरत म्हणाली. वर्गाच्या बाईंनी एकदा ह्या उतरंडीकडे पाहिलं, एकदा त्या उतरंडीकडे, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांना थोरलीचा स्वभाव आठवला असावा. त्यांनी तोंड मिटलं आणि त्या पिशवीचे बंद सोडायला लागल्या.

थोरलीला चूक झाल्याचा राग आला नव्हता. चूक कोणाच्याही हातून होते. तिला राग आला तो परक्या बाईसमोर धाकटी नाही म्हणाली ह्याचा. ती आवाज न चढवता म्हणाली, आणि आवाज न चढवता बोलली म्हणूनच ते लागलं, “ओला रंग खोटं बोलतो. हा तर सुकलाय. मग खोटं कोण बोलतंय, तूच सांग.”

धाकटीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती तुकड्याकडे पाहत राहिली, मग थोरलीकडे, मग पुन्हा तुकड्याकडे. शेवटी म्हणाली, “बरं.” एवढंच. आणि तुकड्याची घडी घालून तिने तो थोरलीच्या हातात दिला.

थोरलीने धाकटीची सबंध उतरंड चिंध्यांच्या टोपलीत टाकली आणि बाईंना दुसरी करून दिली, अर्थात आपल्या डोळ्यांच्या मापाने. चिंध्यांतले काही तुकडे फरशी पुसायला गेले, काही मोरीच्या नळाला बांधले गेले. एक तुकडा, वरून तिसरा, बऱ्यापैकी मोठा होता म्हणून कापड कापायच्या चांगल्या कात्रीला गुंडाळून तिने खणात ठेवला.

त्यानंतर धाकटी फार जपून काम करायला लागली. डबा उघडायच्या आधी चमच्याचा दोरा दोनदा बघायची. बघून झाल्यावर हाक मारायची, “ताई, हा निळ्याचाच ना?” थोरली मनातून खूश. आता कशी ताळ्यावर आली, असं तिने नवऱ्याला बोलूनही दाखवलं. पुढे पुढे धाकटी दोरीवरचे तुकडेही विचारून लावायला लागली, हा आधी की हा आधी. एके काळी जी अंगणाच्या त्या टोकावरून सांगायची ती आता हाताएवढ्या अंतरावरून विचारत होती, आणि थोरलीला त्यात अदब दिसली. मग धाकटीला भुकटीने खोकला यायला लागला. मग ती मागच्या खोलीत यायची थांबली. आणि वर्षाच्या आतच दिराने कामाच्या जागेपासून जवळ पडतं म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. भांडण नाही, तंटा नाही. निघताना धाकटी थोरलीच्या पाया पडायला वाकली आणि थोरलीने तिला वरच्या वर धरलं. सगळं अगदी रीतसर झालं, आणि घर रिकामं झालं.

येणंजाणं चालू राहिलं, पण ते पाहुण्यांसारखं. वर्गाच्या बाईंची मागणी कमी कमी होत गेली. आता वर्गात पूर्वीइतक्या बायका येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. थोरलीने ते खरं मानलं, कारण रंगात काही कमी असेल हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. ती एकटीच बरण्या मांडायची. कधी कधी तुकडा उजेडात धरला की दुसरं टोक धरायला सवयीने कोणाची तरी वाट बघायची, आणि मग आपलं आपणच दोन्ही टोकं धरायची.

अशी सात-आठ वर्षं गेली. एक दिवस रस्ता ओलांडताना समोरून येणारी मोटार तिला दिसलीच नाही. चालवणाऱ्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं. नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, तो बरा झाला की डावा. थोरलीला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हातारपण आलं की हे येतंच.

पट्टी काढली आणि काळा चष्मा लावून ती घरी आली. दार उघडून आत पाऊल टाकलं, चष्मा काढला आणि तिथेच उभी राहिली. भिंती पांढऱ्या होत्या. इतक्या पांढऱ्या की आजच लावल्यासारख्या. तिने नवऱ्याला विचारलं, आपण नसताना रंग कधी लावून घेतला. नवऱ्याने तिच्याकडे काळजीने पाहिलं. तो तिला आणायला जो शर्ट घालून गेला होता, तो आता तिच्यासमोर होता, आणि तो जांभळा होता. राखाडीकडे झुकणारा वगैरे नाही, चांगला ठसठशीत जांभळा, वांग्यासारखा.

“हा कधी घेतलात?” तिने विचारलं.

“अगं, तूच तर रंगवून दिलास.”

“आणि हा घालून तुम्ही इतकी वर्षं कचेरीत जाता?”

“सुरुवातीला हसायचे,” नवरा म्हणाला. “नंतर सवय झाली त्यांना.”

हसू यायला हवं होतं. क्षणभर आलंही. मग तिने उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्या, जुन्या डोळ्याने पाहिलं. शर्ट राखाडी. डावा झाकला, शर्ट जांभळा. भिंत साईसारखी, भिंत पांढरी. ती खोलीभर फिरून एकेक वस्तू अशी पाहायला लागली. कपाटातून अलीकडच्या निळ्या उतरंडी काढल्या. नव्या डोळ्याला त्या बघवेनात. आठ पायऱ्यांत शेवटच्या फिक्या तीन पायऱ्या मुळी नव्हत्याच. सगळा नुसता भडक निळा, डोळ्यांत खुपणारा. वर्गाच्या बाईंचा वर्ग का ओस पडला ते तिला न सांगता कळलं.

दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाची आणि आपल्या डोळ्यातल्या मुसळाची म्हण इथे कोणालाही आठवेल. थोरलीला आठवला तो पिवळ्या दोऱ्याचा चमचा. ती पलंगाच्या कडेवर बसली. मग उठून तिने खण ओढला आणि कात्रीभोवतीचा तुकडा सोडला.

जुन्या डोळ्याने तो तसाच होता, मळका, हिरवट, पिवळं गेलेला. मग नव्या डोळ्याने पाहिला. तो निळा होता. निव्वळ, मापातला, वरून तिसऱ्या पायरीचा निळा, तिने स्वतः शिकवलेला. खणाच्या अंधारात राहिल्यामुळे त्याचा कणही उडाला नव्हता. असा निळा तिला स्वतःला कित्येक वर्षांत जमला नव्हता.

तिने नवऱ्याला हाक मारली. तो तुकडा दाखवून विचारलं, तेव्हा हा तुम्हाला कसा दिसला होता. नवरा चुळबुळला. म्हणाला, निळाच दिसला होता.

“मग बोलला का नाहीत?”

“रंगाचं तुझ्याकडे होतं ना सगळं,” नवरा म्हणाला. “आम्हाला काय कळतंय त्यातलं.”

तिला चिडायचं होतं, पण कोणावर चिडणार? घरात रंगाच्या बाबतीत दुसऱ्या कोणाला तोंड राहू नये अशी व्यवस्था तिनेच इतकी वर्षं चोख ठेवली होती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. चूक झाली, ती डोळ्यांची, असं मनाला समजवायला सोपं होतं. डोळ्यांनी हिरवट दाखवला, इथपर्यंत ठीक. पण ‘खोटं कोण बोलतंय’ हे काही डोळे म्हणाले नव्हते. एवढ्या वर्षांत धाकटी तिच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि ते बघायला मोतीबिंदू आड येत नव्हता.

दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली होती. थोरलीला वाटलं, त्याच्या आत धाकटीकडे जायचं. दोन्ही डोळे नवे झाले की सगळंच स्वच्छ दिसेल आणि मग हिरवट कुठे दिसत होता ते सांगताही येणार नाही. आता एक डोळा गुन्हेगार आहे आणि एक साक्षीदार, दोघांना घेऊनच जावं. मनात दुसरंही एक होतं, ते ती नवऱ्यालाही बोलली नाही. धाकटीला म्हणायचं, ये परत. आठवड्यातून एकदा ये. बरण्या तू मांड, चमचे तुझ्याकडे, मी फक्त धुऊन देते. बसमध्ये बसल्या बसल्या तिने हे वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं की उतरायचा थांबा मागे पडला आणि तिला तेवढं चालत परत यावं लागलं.

धाकटीच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. धाकटी सकाळी एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलापाशी बसायची, दुपारी घरी असायची. थोरलीला एकटीला दारात पाहून ती दचकली, मग लगबगीने खुर्ची पुढे केली. दीरही घरी होता. तब्येतीची विचारपूस झाली, पाणी झालं. थोरली खोली पाहत होती. पडदे मातकट, चादर मातकट, धाकटीच्या अंगावरचे कपडे धुळीच्या रंगाचे. रंग म्हणावा असा घरात एकही नव्हता. वहिनी काय बघतात ते दिराच्या ध्यानात आलं असावं.

“हिला घेऊन कापडाच्या दुकानात जायचं म्हणजे शिक्षा आहे वहिनी,” तो हसत म्हणाला. “हा कोणता रंग, तो कोणता, सगळं मला विचारते. आणि मी हा असा. शेवटी मातीच्या रंगाचं घेऊन येतो, त्यात चुकायला काही नको.”

धाकटीही हसली. थोरलीला हसता आलं नाही. तिने पिशवीतून तो तुकडा काढला आणि मांडीवर उलगडला. मग जे सांगायला आली होती ते सांगितलं. भिंतींचं, शर्टाचं, दोन डोळ्यांचं, सगळं. इतक्या वर्षांत ज्या बाईने कोणाकडे साधी दिलगिरी व्यक्त केली नव्हती तिला शब्द सापडायला वेळ लागला, पण तिने ते शोधून काढले.

“तू पिवळं घातलं नव्हतंस,” ती म्हणाली. “ते माझ्या डोळ्यात होतं. आणि मी तुला परक्या बाईसमोर खोटं ठरवलं. माझं फार चुकलं गं.”

धाकटी थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवून तिचीच समजूत काढायला लागली. “असू दे हो ताई. गेलंही असेल थोडं. मी मागाहून खूप आठवून पाहिलं. डबा उघडा राहिला असेल, वाऱ्याने उडालं असेल. तुम्ही उगाच म्हणाला नसाल.”

थोरलीला वाटलं होतं की धाकटी रडेल, किंवा इतक्या वर्षांचं बोलून घेईल. त्याची तिने तयारी केली होती. ह्याची केली नव्हती. तिने दवाखान्यातलं सगळं पुन्हा सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. धाकटी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती, आजाऱ्याचं बोलणं ऐकून घ्यावं तशी. शेवटी थोरली उठली आणि तिला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेली, पूर्वी एकदा चिमटा खाली ठेवून नेलं होतं तसंच.

धाकटीने तुकडा घेतला. दोन बोटांत कापडाचा कोपरा चोळला, हात लांब केला, मान थोडी तिरपी केली, उजेडाकडे पाठ करून पुन्हा पाहिलं. ही तिची जुनी पद्धत. थोरलीने नकळत दुसरं टोक धरलं. आता ही म्हणेल. आता म्हणेल.

धाकटीने मान वर केली. “निळा आहे ना हा, ताई?”

“तूच सांग.”

धाकटीने पुन्हा पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, तो खांदे उडवून हसला. मग ती थोरलीकडे पाहून ओशाळल्यासारखी म्हणाली, “मला नाही हो आता कळत. तुम्हीच सांगा.”

थोरलीने डावा डोळा तळहाताने झाकला. उजव्यात पाणी आल्यामुळे तुकडा नीट दिसत नव्हता, पण तो कसा आहे ते तिला आता न बघताही माहीत होतं.

“निळा आहे,” ती म्हणाली. “पहिल्यापासून निळाच होता.”

“बरं,” धाकटी म्हणाली, आणि तुकड्याची नीट घडी घालून तिने तो थोरलीच्या हातात दिला. त्या दिवशीही ती एवढंच म्हणाली होती. मग ती चहा टाकायला आत गेली.